उन्हाचा तुकडा

"झेंडू!"

"ॲस्टर!"

"गुलाब लावा ना!"

"गुलाब हंगामी आहे का, पद्मजावहिनी?"

मुलुंडच्या सोनसकाळ सोसायटीची सभा. विषय एकच: फाटकाजवळचा तुकडा. सोसायटीत दिवसभर ऊन पडणारी जागा तेवढीच. गिरणीतून निवृत्त झालेल्या शिवदासला तिथे हंगामी फुलं हवी होती. चेअरमन चंद्रप्रकाशला तिथे फरशी हवी होती आणि वर पत्रा, कारण कित्येक वर्षं वाट पाहून त्याने बुक केलेल्या स्कूटरचा नंबर लागला होता.

"चल, सव्वीस जानेवारीला फुलं दिसली तर वाफा," चंद्रप्रकाश म्हणाला. "नाहीतर फरशी."

"दिसतील! झकास दिसतील!" शिवदास खुर्चीवरून उठलाच. "पण झेंडू नको हां. झेंडू फुलला की पहाटेच कुणाच्या तरी देवाला जातो. झाडावर राहील असं फूल पाहिजे. झिनिया!"

झिनिया कुठल्याच देवाला लागत नाही. ठराव मंजूर.

बी आलं. ऊन होतंच. राहिलं खत.

"आमच्या गावाक माडांक मासळीच घालतत," शिवदासने बायकोला सांगितलं.

"अहो, हे माड आहेत का?" वनमाला म्हणाली.

पण मासळीवाल्या सोनूबाईने टोपली उतरवता उतरवता भर घातली, "घाल रं दादूस, फुलं बशीएवढी येतील!" सुक्या मासळीचा चुरा मातीत गेला. वर झिनिया.

सकाळ झाली.

एक मांजर.

दुसरं मांजर.

मग मोजण्यात अर्थ राहिला नाही. अख्ख्या गल्लीची मांजरं वाफा उकरत होती. झिनियाचं बी फाटकाबाहेर उडत होतं.

"वाट लागली रे शिवदास!" चंद्रप्रकाश गॅलरीतून आनंदाने ओरडला. "फरशीवाल्याला बोलावू का?"

शिवदासने मच्छरदाणी घातली. मांजरं मच्छरदाणीसकट उकरू लागली. मग तो काठी घेऊन स्वतःच खुर्ची टाकून बसला. डुलकी लागली, तेव्हा एक मांजर त्याच्या मांडीवर झोपलं.

शेवटी वनमालाने दसऱ्याचं वाळलेलं तोरण दारावरून उतरवलं आणि चुरून वाफाभर पसरलं. "या वासाला मांजर येत नाही म्हणतात. बघू."

मांजरं शिंकली. गेली.

झिनिया आली नाही. आला झेंडू! तोरणातलाच! आणि काय आला! सव्वीस जानेवारीच्या सकाळी वाफा नुसता भगवा-पिवळा पेटला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या कुंदाताई परडी घेऊन उतरल्या, तर शिवदास हात पसरून उभा.

"एकच हो, गणपतीला!"

"झेंडावंदन होईस्तोवर थांबेल गणपती!"

झेंडा वर गेला. फुलं जागेवर होती. शिवदासने आजूबाजूला बघून दोन टाळ्या जास्तच वाजवल्या.

"मानलं यार," चंद्रप्रकाश म्हणाला. "पण हंगामी ना? मार्चमध्ये सुकली की फरशी."

शिवदासचा चेहराच सुकला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात स्कूटर आली. नवीकोरी, निळी. हार त्याच वाफ्यातल्या झेंडूचा. तूर्त ती जिन्याखाली उभी राहिली.

इथून पुढे शिवदासने काहीच केलं नाही.

मार्च. झेंडू सुकला. पुन्हा सभा. शिवदास मान खाली घालून मागे बसला होता. चेअरमन उभा राहिला. त्याच्या पँटच्या मागच्या बाजूला मांजराचे केस होते.

"माझा ठराव आहे," तो घसा खाकरून म्हणाला. "हंगामी फुलांचा वाफा कायम ठेवावा."

शिवदासने मान वर केली.

"फक्त," त्याने शिवदासकडे बघून हात जोडले, "या खेपेला झेंडू नको रे. झिनियाच लाव. आणि मासळी जरा जास्त घाल. रोज सकाळी स्कूटरच्या सीटवर सहा-सहा मांजरं झोपलेली असतात. रेक्झिन फाडलं माझं!"

"कुठली मासळी घालू?" शिवदासने विचारलं.

"त्यांना आवडेल ती!"