महालिंगआप्पांचा विस्तव

काडेपेटी विकायची सोडून रोज सकाळी गवरीचा तुकडा घेऊन शेजारी माझ्याकडे विस्तव मागायला येणारा दुकानदार आमच्या बोरीत एकच झाला, महालिंगआप्पा.

राज्य निजामाचं. विलायती मालावर बहिष्काराची हवा इंग्रजी मुलखातून यायची, ती आमच्याकडे कुणाच्या फार अंगाला लागायची नाही. आप्पांना लागली ती कायमची. विलायती कापड गेलं, चहा गेला, साखर गेली, शेवटी काडेपेटी. "टाकलं म्हंजे टाकलं!" दुकानात उरलं काय, तर गूळ, हळद आणि सुतळी. गिऱ्हाइकानं यायचं, भाषण ऐकायचं आणि समोरच्या दुकानातून काडेपेटी घ्यायची.

"आप्पा, तुमच्या एकट्यानं विलायतेत काय फरक पडायलाय?" मी डिवचायचो.

"एक पेटी तर पडून राह्यली का न्हाई?"

मग ओसरीवर बसून गप्पा. पाऊसपाणी, ज्वारी, आमच्या तान्ह्या पोरीला आलेला दात. माझी बायको विस्तव द्यायची, पण सावकाश. आप्पांची बायको वारल्यापासून त्यांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं.

आणि मला मेल्याला हुशारी सुचली. परभणीहून देशी काडेपेटी आणली.

"घ्या आप्पा, आपल्याच देशातली. आता रोज विस्तव मागायची कटकट मिटली!"

आप्पांनी पेटी उलटीपालटी करून पाहिली. "बरं केलंस," म्हणाले आणि निघाले. त्या दिवशी बसलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी मीच गेलो. पेटी कोनाड्यात, वरचा कागदही फाडलेला नाही. चुलीत मात्र राखेखाली लालबुंद विस्तव.

"आप्पा, हा कधीपासून राखून ठेवायलाव?"

"पयल्यापासून," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "राखेखाली झाकला की कुठं जातोय?"

घरी येऊन सांगितलं तर बायको कडाडली, "तुमाला काई अक्कल? माणूस विस्तवासाठी येत व्हतं व्हय?"

मला लय लाज वाटली. तिनं तांब्याभर पाणी घेतलं, आमच्या पेटत्या चुलीत ओतलं आणि माझ्या हातात गवरी दिली. "जावा. मागून आणा."

गेलो. "आप्पा, आमची चूल विझली."

आप्पांनी गवरी घेऊन बाजूला ठेवली. घाईघाईनं घोंगडी अंथरली.

"देतो की," म्हणाले. "आधी बस. पोरगी कशी हाय?"