चाळीस मिनिटांचा गुणवत्ता आराखडा

पान १. "प्रस्तुत आराखड्यात चुकीला जागा नाही."

हे वाक्य हेमकांतने स्वतः लिहिलं होतं आणि खाली दोनदा रेघ मारली होती. शहाद्याच्या त्या कॉलेजात नऊ वर्षं तो तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवत होता. विद्यापीठाने ऑनलाइन पदवीचा आराखडा मंजूर केला की समन्वयकाची कायम जागा त्याची, असा शब्द प्राचार्य रतिलाल सरांनी दिला होता. मग चूक होईलच कशी?

विद्यापीठाची अट एकच. नियोजनाची बैठकही ऑनलाइन व्हावी, बाराही सदस्यांचे चेहरे दिसावेत आणि पूर्ण चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी पाचच्या आत पाठवावं.

कॉलेजात नेट यायचं एकाच ठिकाणी. स्टाफरूममध्ये! तेव्हा ऑनलाइन बैठकीसाठी बाराही जण एका टेबलाभोवती खांद्याला खांदा लावून बसले. बारा मोबाइल उघडले. हेमकांत "नमस्कार" म्हणाला...

आणि साखर कारखान्याच्या चरकात उसाऐवजी रेल्वेचं इंजिन शिरावं तसा आवाज निघाला!

"बंद कर भो! कान फुटतीन!" वनस्पतिशास्त्राचे वीरसिंग सर ओरडले.

हेमकांत उठला. टेबलाला फेरी मारून एकेकाच्या मोबाइलचा माइक त्याने स्वतःच्या बोटाने बंद केला. अकरा. मग जागेवर बसून आराखडा वाचला.

पान २. (वाचलं.) पान ३. (वाचलं.) पान ४. (नव्हतंच.)

सहा मिनिटं झाली होती.

"आजून चौतीस मिनिटं शेतस!" रतिलाल सर कुजबुजले. "आते काय?"

"सर, आवाज बंदच आहेत. चर्चा चालल्यासारखे नुसते ओठ हलवा!"

अकरा तोंडं टोपलीतल्या माशांसारखी उघडमिट करू लागली. मिनिटभरातच सगळे दमले.

"विषयबिगर ओठ कसा हालतीन?" इंग्रजीच्या प्रतिभा मॅडम वैतागल्या. "हेमकांत सर कायम व्हतीन, त्यासनी पार्टी ठरावा!"

मग काय विचारता!

"वरन-बट्टी!"

"कोठे?"

"वीरसिंग सरना मळामा!"

"तूप?"

"मी लई येसू!"

"मांगला टाइमले बट्टी कच्ची ऱ्हायनी व्हती! यंदा जाळजवळ कोन बसी?"

"मी! दर दहा मिन्टे एक फोडीसन देखसू."

"आनि खानारासले इचारा, चांगली व्हती का नही!"

नऊ वर्षांत त्या स्टाफरूममध्ये इतकी शिस्तीत बैठक झाली नव्हती. हेमकांतलाही राहवलं नाही, वरणात तिखट किती यावर तो स्वतः चार मिनिटं बोलला. पाचला पाच कमी असताना रेकॉर्डिंग संपलं. तेवढ्या नेटवर ते बघता तरी आलं असतं किंवा पाठवता तरी. त्याने पाठवलं.

आठ दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं. रतिलाल सरांनी ते सगळ्यांसमोर वाचलं.

"ऑनलाइन शिक्षणाचे सहा मिनिटांचे नियोजन मोघम असल्याने नामंजूर. पुढील चौतीस मिनिटांतील बट्टीचे नियोजन मात्र आदर्श आहे. जबाबदारी कोणाची, तपासणी कधी, अभिप्राय कोणाचा, सारे स्पष्ट. आराखडा त्या धर्तीवर पुन्हा लिहावा. समिती पाहणीसाठी चौदा तारखेला मळ्यात येत आहे. सदस्य सात."

"पण सर, आवाज बंद होते!" हेमकांत किंचाळला. "मी स्वतः, या बोटाने, अकराही..."

तो थांबला. टेबलाभोवतीची माणसं त्याने मोजली. पुन्हा मोजली. बारावा मोबाइल त्याच्याच हातात होता.

रतिलाल सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे भो. मी शब्द देयेल शे. समन्वयक तूच!"

हेमकांतचे डोळे भरून आले. "कशाचा, सर?"

"बट्टीना."

त्याने डोळे पुसले. मग हळूच विचारलं, "कायम?"

"नही भो. तासिका तत्त्वावर."