खोडलेलं उत्तर

आपण शनिवारी घातलेलं गणित सोमवारी रस्त्यावर उतरतं, हे उमाकांत मास्तरांच्या लक्षात आलं आणि त्यांची झोपच उडाली.

बसवनगुडीतल्या घराच्या ओसरीवर ते दहावीच्या सात मुलांची शिकवणी घेत. पुस्तकातली गणितं त्यांना शिळी वाटत, म्हणून दर शनिवारी ते मनानंच एक ताजा आयत रचत. साल चौऱ्याण्णव, परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. एका शनिवारी त्यांनी घातलं, 'खड्ड्याची लांबी रुंदीपेक्षा तीन फूट जास्त, क्षेत्रफळ चाळीस चौरस फूट.' मुलांनी वर्गसमीकरण मांडलं. उत्तर आलं आठ आणि पाच. सोमवारी कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर टेलिफोनच्या केबलसाठी खड्डा पडला. मास्तरांनी सहज छत्रीनं मापून पाहिला. आठ बाय पाच!

पुढच्या शनिवारचं उत्तर नऊ आणि चार होतं. सोमवारी तो खड्डा टपालपेटीपाशी हजर. या वेळी मास्तर बायकोची शिवणाची टेप घेऊन गेले होते. एका इंचाचा फरक नव्हता, आणि टपालपेटी त्यांच्या घरापासून चौथ्या दारात होती.

तिसऱ्या शनिवारी ते घाबरत घाबरतच म्हणाले, "लांबी चार फूट जास्त. क्षेत्रफळ बारा."

परसू मेस्त्रीची भव्या हुशार पोर. तिनं पटकन सोडवलं. "रुंदी दोन, न्हाईतर वजा सहा, सार. वजा सहा खोडलं. माप कुठं वजा असतंय?"

"शाब्बास. मग लांबी?"

"सहा. सहा बाय दोनचा खड्डा, सार."

ओसरी एकाएकी गार पडल्यासारखी झाली. मास्तरांची उंची पाच फूट नऊ इंच होती. म्हणजे उशाला तीन इंच उरत होते.

"खोडा!" मास्तर ओरडले. "सगळं खोडा! बारा नव्हे, तेरा लिहा!"

मुलांनी तेरा लिहिलं. मास्तरांनी रविवारी तीनदा मारुतीला जाऊन नारळ फोडले. बायकोनं, सुनंदाबाईंनी, कारण विचारलं, तर म्हणाले, "पोरांच्या परीक्षेसाठी." खरं तर परीक्षा कुणाची आहे, हे सांगायला त्यांची जीभ रेटेना.

सोमवारी सकाळी त्यांनी भीत भीत दार उघडलं. फाटकापासून सुरू झालेला चर पार गल्लीच्या टोकाला गेला होता. फाटक स्वतः आत पडलं होतं. पलीकडच्या काठावर केबलचे खड्डे खणणारा परसू मेस्त्री भव्याची वही घेऊन उभा होता.

"परसू! हे काय रे?"

"तुमचंच गणित की, सार. आमचे साहेब नुस्तं चौरस फूट सांगतात आणि जातात. माप कसं धरायचं? तुमचं उत्तर नेहमी पुरं येतंय, म्हणून आम्ही पोरीच्या वहीतनंच घेतो. पण ह्या वेळी ती म्हणाली, उत्तर दोन पॉइंट एक दोन तीन करत जातंय, संपतच न्हाई. मग आम्ही तरी कुठं थांबायचं? खणत गेलो."

मास्तर फाटकाचं दुःख विसरून पोट धरून हसले. दोन आठवड्यांचं ओझं उतरलं होतं. कुणीही आपल्याला न्यायला आलं नव्हतं.

"आणि सहा बाय दोनचा?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"तो कशाला खणू? तुम्हीच खोडायला लावला न्हवं?"

तेवढ्यात घरातून सुनंदाबाईंचा आवाज आला. "अहो, परसूच्या माणसांना मागे खड्डा खणायला कुणी सोडलं? स्वल्प, जरासं विचारायचं तरी!"

परसात जायला एकच वाट होती, स्वयंपाकघरातून. आणि त्या दाराची आतली कडी सुनंदाबाईंनी आत्ताच काढली होती. मास्तरांनी टेप धरली. दुसरं टोक बाईंनी धरलं. रुंदी सहा. लांबी दोन. खोडलेली रुंदी वजा सहा धरली तर लांबी वजा दोन, म्हणजे मापं अशीच उलटी येतात, हे मास्तरांना नव्यानं शिकायची गरज नव्हती. कडा सुरीनं कापल्यासारख्या होत्या, आणि उपसलेली माती कुठंच नव्हती.

सुनंदाबाईंनी मात्र पदर खोचला. "कधीची म्हणत होते, केळी लावायला खड्डा पाहिजे." संध्याकाळपर्यंत त्यात तीन केळी उभ्या राहिल्या.

त्या दिवशी शिकवणीत भव्यानं सवयीनं वजा उत्तरावर पेन्सिल टेकवली.

"थांब," मास्तर हळूच म्हणाले. "खोडायचं नाही. नीट अक्षरात लिहायचं, खाली रेघ मारायची आणि मानानं बाजूला ठेवायचं."

"पण सार, परीक्षेत मार्क कापले तर?"

मास्तरांनी एकदा परसदाराकडे पाहिलं.

"कापू देत," ते म्हणाले. "मार्कच कापतील ना?"