राजकन्येचा तुलना गट

प्राण्याचे कल्याण ही त्या प्राण्यावर सोपवून भागण्यासारखी गोष्ट नाही. त्यासाठी समिती लागते, समितीला बैठक लागते, बैठकीला चहा लागतो आणि चहासोबत काहीतरी कुरकुरीत लागते. नांदेडहून लातूरकडे येताना लागणाऱ्या एका शहराने (नाव मुद्दाम दिलेले नाही, दिले तर बाकीची शहरे आपल्याला वगळले म्हणून निवेदन देतील) ही सारी तयारी फार आधीपासून करून ठेवली होती. तिथल्या नगरपालिकेच्या बागेत एक लहानसे प्राणिसंग्रहालय आहे. त्यात काही मोर, सशांची सतत वाढणारी एक वसाहत, एक कासव (ते जिवंत असण्याबद्दल दोन मतप्रवाह आहेत) आणि राजकन्या नावाची एक लाल तोंडाची माकडीण राहते.

राजकन्येच्या पिंजऱ्यात पूर्वी जया नावाची दुसरी माकडीण होती. ती उन्हाळ्यात वारली. तेव्हापासून राजकन्या कोपऱ्यात बसून डोलायची आणि डाव्या दंडावरचे केस एकेक करून उपटायची. बघायला येणाऱ्यांना वाटे, ती नाचते आहे. ते टाळ्या वाजवत.

अशात वरून पत्र आले (किती वरून, हे विचारायची पद्धत नाही) की यापुढे प्रत्येक प्राणिसंग्रहालयाने आपल्या प्राण्यांच्या वर्तनाचा व कल्याणाचा शास्त्रीय अभ्यास करावा, अन्यथा परवानगी रद्द होईल. कासवाचे वर्तन अभ्यासण्यात धोका होता. ससे मोजून होईनात. म्हणून राजकन्येची एकमताने निवड झाली आणि तिच्यासाठी ‘वर्तन व कल्याण निरीक्षक (कंत्राटी)’ असे पद निघाले. त्या पदावर देवणीची मंजुश्री रुजू झाली.

गायींसाठी नावाजलेल्या देवणीत प्राणिशास्त्र शिकलेल्या मुलीकडून गाय बघून भाव सांगण्याची अपेक्षा असते. मंजुश्रीने माकडांवर प्रबंध लिहिला तेव्हा घरच्यांनी ही गोष्ट पाहुण्यांपासून बरेच दिवस लपवून ठेवली होती. पण मुलगी हुशार होती आणि कामाला चोख होती. पंपघराच्या अर्ध्या भागात तिला कचेरी मिळाली (उरलेल्या अर्ध्यात पंप होता). रोज पिंजऱ्यासमोर बसायचे आणि राजकन्या काय करते ते मिनिटामिनिटाला टिपायचे, हे तिचे काम. उद्यान समितीचे सभापती साहेबराव पहिल्याच आठवड्यात जातीने पाहणी करून गेले.

“मॅडम, नुसतं बघत बसायचं, ह्याचा पगार हाय?”

“हो सर. निरीक्षण म्हणतात त्याला.”

“मंग आमच्या पूर्ण हापिसाचा पगार वाढवाया पायजे,” साहेबराव म्हणाले, आणि ते विनोद करीत नव्हते.

राजकन्येला खाऊ घालण्याचे काम अजीजकडे होते. त्याने पिंजरा धुता धुता मंजुश्रीला सांगितले, “ताई, जया गेली तवापासून ही अशीच करून राहिली. मी बोलतो तिच्यासंगं रोज. डोस्कं बी पुढं करतो. पण माझ्या डोस्क्यात काय बी न्हाई ना, तिनं शोधावं तरी काय?”

माकडे एकमेकांच्या अंगातले केस बाजूला करून साफ करतात ते केवळ उवांसाठी नसते, तो त्यांचा लळा असतो, हे मंजुश्रीने प्रबंधात तळटिपांसह लिहिले होते. आता ती ते डोळ्यांनी बघत होती: साफ करायला दुसरे कुणी नाही म्हणून राजकन्या स्वतःलाच साफ करत होती आणि संपवत चालली होती. मंजुश्रीला तिची फार दया आली. काहीही करून हिला जोडीदार आणायचा, असे तिने ठरवले.

जोडीदार मागायचा तर प्रस्ताव हवा, आणि प्रस्ताव शास्त्रीय हवा. शास्त्रीय अभ्यासाला तुलना गट लागतो, म्हणजे ज्याच्या शेजारी ठेवून आपल्या प्राण्याचे बरे-वाईट ठरवायचे असा दुसरा गट. दुसरे माकड तर नव्हतेच. तेच तर मागायचे होते. इथे मंजुश्रीच्या हातून एक चूक झाली, आणि अशी चूक नीट शिकलेल्या माणसाच्याच हातून होते. माणूस हाही त्याच प्राणिवर्गातला, या पक्क्या शास्त्रीय आधारावर तिने पिंजऱ्यासमोर उभे राहणारे नागरिक हा तुलना गट धरला.

कल्याणाच्या पाच कसोट्या होत्या. त्यांवर दोन्ही गट तपासले असता पुढील चित्र दिसले. अन्न: राजकन्येला चणे, केळी आणि भाकरी ठरल्या वेळी मिळतात; तुलना गटातील पुरुष ‘जेवण झालं का’ या प्रश्नाला ‘होईल आता’ असे उत्तर देतात. आरोग्य: राजकन्येकडे दर आठवड्याला डॉक्टर येतो, तुलना गट डॉक्टरकडे जातो तेव्हा डॉक्टर मीटिंगला गेलेला असतो. भीती: राजकन्या गजाआड असल्याने तिच्या अंगावर कुणी वाहन घालू शकत नाही. स्वाभाविक वर्तन: राजकन्येला वाटेल तिथे पाठ फिरवून बसता येते, तुलना गटातील स्त्रियांना ही सोय आढळली नाही. लग्नाचे काय ठरले, असे राजकन्येला कुणी विचारत नाही. (या ठिकाणी निरीक्षकाने स्वतःला गटात धरले असावे.) आणि पाणी: राजकन्येच्या पिंजऱ्यातला नळ बागेच्या बोअरवर असल्याने तिला रोज पाणी मिळते. तुलना गटाला आपापल्या वारी, म्हणजे आठवड्यातून एकदा. तेही मोटर जळाली नसेल तर.

डोलणे आणि केस उपटणे यांचीही तुलना होती. शेकडा सत्तर नागरिक उभ्या उभ्या पाय हलवत, बावीस नागरिक खिशातून मोबाइल काढून काहीही न बघता परत ठेवत, आणि उरलेले आठ थुंकायला जागा शोधत होते. (सापडत होती.)

हे सगळे लिहून झाल्यावर मंजुश्रीने शेवटी मागणी केली: राजकन्येस तातडीने जोडीदार मिळावा.

समितीची बैठक भरली. साहेबरावांनी अहवाल पूर्ण वाचला, ही या नगरपालिकेच्या इतिहासातली नोंद घ्यावी अशी घटना होय.

“म्हणजे मॅडम, तुमच्याच म्हणण्यापरमाणं माकडीण आमच्यापेक्षा सुखात हाय.”

“सर, तसं नाही. ती एकटी आहे.”

सदस्या उमाबाईंचा आवाज चढला. “आमच्या गल्लीतल्या बाया हंडे घेऊन नळाची वाट बघून राहिल्या, अन् ही तोटीखाली आंघोळी करती? रोज? हे न्यायाचं न्हाई.”

“मग नागरिकांना रोज पाणी द्या ना!” मंजुश्री म्हणाली.

लग्नाच्या मांडवात कुणीतरी भलतेच बोलून जावे, तसे सगळे आपापल्या चहात बघू लागले. मग साहेबराव समजुतीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, तुमचा विषय प्राण्यांचा हाय. माणसांत पडू नका.”

ठराव झाला. जोडीदाराची मागणी फेटाळण्यात आली, कारण नागरिकांपेक्षा सुखी असलेल्या प्राण्यास आणखी सुखी करणे सामाजिक समतेस बाधक आहे. त्याचबरोबर पिंजऱ्याचा नळ बोअरवरून काढून शहराच्या लाइनीवर घेण्यात आला, आणि राजकन्येला वार मिळाला. शुक्रवार. मंजुश्री पंपघरात जाऊन पंपाच्या आवाजात पोटभर रडली. आपणच लिहिलेल्या अहवालाने त्या जिवाचे पाणी तोडले, हे तिला सहन होईना.

अजीज शुक्रवारी हौद भरून ठेवी. रविवारपर्यंत त्यात शेवाळ धरे. मग तो घरून कळशी आणू लागला, पण राजकन्येचा जीव नळात अडकला होता. ती तोटीखाली ओंजळ धरून बसे आणि मान वर करून तोटीच्या भोकात बघत राही. असेच एकदा कुणीतरी तिचा फोटो काढला.

तो फोटो एका दिवसात हदगावपासून देवणीपर्यंतच्या सगळ्या मोबाइलवर पोचला, आणि शहर हलले. लोक बाटल्या घेऊन बागेत येऊ लागले. विकतच्या जारमधले पाणी बायांनी चकचकीत तांब्यांतून आणले. शाळेने फेरी काढली. बाजारपेठ अर्धा दिवस बंद राहिली. ‘राजकन्येला रोज पाणी मिळालेच पाहिजे’ अशा घोषणांनी नगरपालिकेसमोरचा रस्ता दुमदुमला, आणि घोषणा देऊन घसे कोरडे पडलेल्यांना समोरच्या हॉटेलवाल्याने ‘आज पाणी न्हाई’ असे सांगितले, ते त्यांनी समजुतीने घेतले. उमाबाई मोर्चाच्या अग्रभागी होत्या.

नगरपालिका झुकली. नळ परत बोअरवर गेला आणि विषय पुन्हा डोके वर काढू नये म्हणून त्याच ठरावात जोडीदारही मंजूर झाला. इस्लापूरकडे एका हॉटेलवाल्याने गिऱ्हाईक जमावे म्हणून साखळीने बांधून ठेवलेला एक नर वनखात्याने सोडवला होता, तो आणला. (नाव ठेवायचे राहिले आहे. समितीचे सदस्य सात, सुचवलेली नावे नऊ.) दोन दिवस दोघे दोन टोकांना बसून होते. तिसऱ्या दिवशी राजकन्या हळूच सरकत त्याच्या पाठीमागे गेली आणि त्याच्या मानेवरचे केस बाजूला करू लागली. साखळीने घासून तिथे चट्टा पडला होता. तो तिने फार हलक्या हाताने वगळला.

“लई दिवसांनी हात कामाला लागला बघा तिचा,” अजीज म्हणाला आणि खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसू लागला. मंजुश्रीला इतका आनंद झाला की तिने त्या मिनिटाची नोंद करायची सोडून दिली. बाहेर गर्दी होती. लोक टाळ्या वाजवत होते, आणि या वेळी टाळ्या बरोबर जागी पडल्या होत्या.

अंतिम अहवालासाठी तुलना गटाची एक फेरी बाकी होती. मंजुश्रीने गर्दीतल्या एका गृहस्थांना गाठले. मोर्चात घोषणा देऊन त्यांचा आवाज अजून बसलेला होता.

“काका, तुमच्याकडे येतं का पाणी रोज?”

“छे! आमचा वार बुधवारचा. ह्या बुधवारी तर आलंच न्हाई.”

“मग त्यासाठी काढला का कधी मोर्चा?”

गृहस्थ चकित झाले. “मॅडम, आपलं काय, आपण घेतो भागवून. ते मुकं जनावर हाय.”

आजूबाजूच्या सगळ्यांनी माना हलवल्या. मंजुश्रीने अहवाल पूर्ण केला: प्रायोगिक गट (राजकन्या व जोडीदार): प्रकृती समाधानकारक; तुलना गट: तक्रार नाही.

अभ्यास इथे संपला असे वाचकांनी समजू नये. कोरड्या तोटीखाली ओंजळ धरून बसलेली माकडीण वाचताना तुम्ही जरा थांबलात, जोडीदार आला तेव्हा तुम्हाला बरे वाटले, आणि बुधवारवाल्या गृहस्थांना तुम्ही हसलात. या तिन्ही गोष्टींची नोंद झाली आहे. आता एवढेच सांगा, तुमचा वार कोणता? उत्तर तोंडपाठ निघाले असेल, तर तुम्हाला तुलना गटात घेतले आहे. तुमची संमती लागत नाही. तशी ती कुणी कधी मागितलीही नव्हती.