कोट्यात न बसलेली जलवाहिनी

पाणीपुरवठा खात्याचा सर्व्हर भरला. ही बातमी खात्यात धरण आटल्याच्या बातमीपेक्षा अधिक गांभीर्याने घेतली गेली. कारण धरण आटलं तर पाणी लोकांचं जातं, सर्व्हर भरला की अडचण साहेबांची होते. मुख्य अभियंत्यांना आपल्या हस्ते झालेल्या टाकीच्या उद्घाटनाचं चित्रीकरण साठवता येईना. त्यांनी सर्व्हर सांभाळणाऱ्याला बोलावलं.

"जागा नाही म्हणजे काय? खोलीभर यंत्र आणलंय ना?"

"साहेब, सगळं खातं एकाच डिस्कवर आहे. ज्याला जमेल तेवढं तो ओढतोय. प्रत्येकाला हद्द घालून द्यावी लागेल. कोटा."

"घाला. पण अन्याय नको. सगळ्यांना सारखा."

"सगळ्यांचं काम सारखं नाही, साहेब."

"काम सारखं नसेल, माणसं सारखी आहेत."

या वाक्याची बैठकीच्या वृत्तान्तात नोंद झाली. साहेबांना मात्र कोटा लागू झाला नाही. साहेब हे माणूस नसून पद होतं.

खात्यात एक नकाशेबाई होत्या. कुठल्या रस्त्याखालून कुठला पाइप जातो, किती खोल, त्याचा व्हॉल्व्ह कुठल्या कोपऱ्यावर, हे सगळं त्या काढून ठेवत. शहराच्या पोटातलं सगळं त्यांच्या फायलींत होतं. कागदी नकाशे संगणकावर चढवून झाल्यावर रद्दीत गेले होते आणि त्या रिकाम्या खोलीत साहेबांचा सोफा आला होता. कोटा लागू झाला त्या सकाळी शिपायाच्या वाट्याच्या जागेत त्याचा रजेचा अर्ज ऐसपैस पसरला आणि नकाशेबाईंच्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'आपण आपल्या हद्दीबाहेर आहात.'

त्या सर्व्हरवाल्याकडे गेल्या.

"बाई, नियम मी केला नाही, फक्त लागू केला. वाढीव जागेसाठी अर्ज करा."

"कुठे?"

"सर्व्हरवरच. तिथे अर्जाची फाइल ठेवायची."

"तो मला काही ठेवूच देत नाही."

"म्हणूनच तर अर्ज करायचा."

बाई घरी जाऊन रडल्या नाहीत. वीस माणसांच्या स्वयंपाकघरात वाढलेल्या होत्या. एका फडताळात भांडी मावली नाहीत तर दुसऱ्याच्या फडताळात सरकवायची, हे त्यांना माहीत होतं. त्या आवक-जावक कारकुनाकडे गेल्या.

"तुमची जागा रिकामीच आहे. माझे थोडे नकाशे ठेवू?"

"रिकामी आहे, पण माझी आहे," कारकून म्हणाला. मग बाईंचा चेहरा पाहून म्हणाला, "बरं, ठेवा. पण मागितली की लगेच उचलायचं."

अशा रीतीने उत्तरेकडचं शहर कारकुनाकडे राहायला गेलं, बाजारपेठ ड्रायव्हरकडे आणि इस्पितळाचा भाग लेखापालबाईंकडे. पाहुणे आठ दिवस सुखाने राहिले. मग साहेबांच्या लक्षात आलं, की अजूनही बऱ्याच लोकांचा कोटा अर्धा रिकामा आहे. ही उधळपट्टी त्यांना सहन झाली नाही. परिपत्रक निघालं : न वापरलेला कोटा परत घेण्यात येईल.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं खातं तुडुंब भरलं. कारकुनाने सिनेमे आणले. ड्रायव्हरने गाणी आणली. लेखापालबाईंनी भाच्याचा एकच फोटो नाव बदलून बदलून शेकडो वेळा ठेवला.

"बाई, तुमचं सामान उचला," लेखापालबाई म्हणाल्या. "आमचीच माणसं मावेनात."

बाईंनी सगळं शहर गोळा केलं आणि कोणाच्याच नसलेल्या सामायिक जागेत नेऊन टाकलं. सर्व्हर पुन्हा भरला. जपून ठेवलेल्या दुसऱ्या प्रती आधी पुसण्यात आल्या, कारण पहिली असताना दुसरी कशाला. तेवढ्याने भागलं नाही. साहेबांनी शेवटचा उपाय सांगितला : महिनाभरात जे कोणी उघडलं नाही, ते आपोआप पुसलं जाईल.

नकाशेबाई थेट त्यांच्या खोलीत गेल्या. "साहेब, सिनेमे रोज जेवणाच्या सुट्टीत उघडले जातात. पाइप फुटल्याशिवाय नकाशा कोण उघडणार?"

"म्हणजे आपले पाइप फुटत नाहीत," साहेब प्रसन्न होऊन म्हणाले. "हे वृत्तान्तात घ्या."

मग बाईंनी एकच करता येण्यासारखं होतं ते केलं. त्या एकेक नकाशा उघडत बसल्या. उघडायचा, मिटायचा, पुढचा उघडायचा. बोटं दुखायला लागली. निम्मं शहर उघडून झालं आणि सर्व्हरवाल्याच्या यंत्राने इशारा दिला : एक वापरकर्ता विनाकारण फायली उघडून सर्व्हरवर ताण आणत आहे. बाईंचं सर्व्हरवरचं खातं चौकशी होईपर्यंत बंद करण्यात आलं. चौकशी होईपर्यंत महिना उलटला. ताण नको म्हणून बाईंनी नकाशे उघडल्याच्या नोंदीही रद्द करण्यात आल्या होत्या, त्यामुळे पुसताना यंत्राने उघडलेल्या आणि न उघडलेल्या नकाशांत भेदभाव केला नाही.

पंधरवड्याने इस्पितळाच्या रस्त्यावरची मोठी वाहिनी फुटली. पाणी दुमजली घराएवढं उडत होतं. मुकादमाने फोन केला, "बाई, व्हॉल्व्ह कुठे?"

बाई धावत गेल्या. दोन व्हॉल्व्ह आहेत एवढं त्यांना आठवत होतं. फुटक्या वाहिनीचा कोणता आणि इस्पितळाचा कोणता, ते डोळ्यांपुढे येऊन येऊन निसटत होतं. मुकादमाने रस्ता पाच ठिकाणी खणला, एक व्हॉल्व्ह सापडला, तो बंद केला. कारंजं तसंच उडत राहिलं. इस्पितळाचं पाणी मात्र तत्काळ थांबलं.

डायलिसिसची यंत्रं पाण्याविना बंद पडली. रुग्णांना अर्ध्यातून उठवून दूरच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. त्यांत बाईंच्या सासूबाई होत्या. बाई चिखलाच्या पायांनी पोहोचल्या, तेव्हा त्या स्ट्रेचरवर डोळे मिटून पडल्या होत्या.

"तुझंच खातं ना गं?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"हो, आई."

"घरी मिठाचा डबा हलवला तरी मला बोलतेस. आणि इथे तुम्ही अख्खं गाव हलवून ठेवलंत."

बाईंनी त्यांचा हात धरला. सासूबाई वाचल्या, पण त्या दिवसानंतर त्यांना भिंतीला धरल्याशिवाय चालता आलं नाही.

चौकशी अहवाल आला. दोष नकाशेबाईंचा ठरला : नियम ठाऊक असूनही त्यांनी नकाशे मुदतीत उघडले नाहीत. खातं बंद होतं, हा खुलासा कोट्यापेक्षा लांब झाल्यामुळे स्वीकारता आला नाही. शिक्षा म्हणून सगळं शहर नव्याने काढण्याचं काम त्यांनाच मिळालं. दुसरा व्हॉल्व्ह शोधताना पुढे सगळीकडे रस्ते खणले गेले होते, त्यामुळे पाइप निदान दिसत तरी होते. बाई छत्री घेऊन खड्ड्याखड्ड्यातून उतरत राहिल्या.

कारंजं उडत होतं त्या दिवशी बघ्यांपैकी एकाने फोन काढला होता. फोन म्हणाला, जागा नाही. त्याने बऱ्याच दिवसांत न उघडलेलं काय आहे ते पाहिलं, वारलेल्या वडिलांच्या आवाजाचं एक रेकॉर्डिंग पुसलं, आणि कारंजं टिपलं. चित्रीकरण छान आलं. चार ओळखीच्यांना पाठवलं, त्यांनी चाळीसांना. तुमच्याकडेही ते तीन-चार वेळा आलं असेल. त्यासाठी जागा करताना तुम्ही काय काढून टाकलंत, ते आठवून बघा. आठवत नसेल तर काळजी करू नका. साहेबांच्या मते, मग ते लागतच नव्हतं.