फेट्यांच्या राज्यी वेबसाइटीची पाच पाने मुक्रर जाहली त्याची हकीकत

॥ श्री तुरा-शेमला प्रसन्न ॥ शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी. ते दिवशी फेट्यांच्या राज्यात थोर मसलत जाहली, ती ऐसी. राजे भगवंतराव फेटा बांधावयाचे कामी ऐसे निष्णात की नवरदेव शिंकला तरी तुरा हलू नये. परंतु बाजारात शिवलेला तयार फेटा आला, टोपीसारखा चढविला की काम फत्ते, आणि लग्नघरची बोलावणी आटली, आणि राजे भर दुपारी दुकानी बसोन रस्ता न्याहाळू लागले. मग राजकन्या कस्तुरीबाईसाहेब, इयत्ता नववी, यांणी धीर करोन अर्ज केला की, "बाबा, आपण वेबसाइट करू. पानं पाचच ठेवू, पण नेमकी." राजांणी रुकार दिधला आणि दुकानातच दरबार भरविला.

प्रथम राजांचे धाकटे बंधू, दिवाण सर्जेरावकाका, उठिले आणि मिशीवर हात फिरवोन वदले, "पहिलं पान माझं मनोगत. दुसरं घराण्याचा इतिहास. तिसरं मान्यवरांसोबत माझे फोटो. चौथं, उरलेले फोटो." तेव्हा राणी सुलभाबाईसाहेब फेट्याचे कापडास इस्त्री करीत होत्या, त्या मान न वळविता म्हणाल्या, "भाऊजी, आणि फोन नंबर कुठं घालायचा? फोटोच्या मागं?" दरबारात खसखस पिकली, आणि काकांची तीन पाने तेथेच धारातीर्थी पडली. इतिहास तेवढा बचावला, तो आटोपशीर करोन 'आमच्याविषयी' या नावे ठेविला. मग मुखपृष्ठ ठरले, आणि फेट्यांचे प्रकार व भाव ठरले, आणि संपर्क ठरला, आणि पाचव्या पानापाशी घोडे अडले.

कस्तुरीबाई बोलिल्या, "पाचवं पान, फेटा कसा बांधावा. व्हिडिओ मी केलाय." राजांची मुद्रा उतरली. म्हणाले, "अगं, हातातली विद्या अशी चव्हाट्यावर मांडली तर उद्या मला बोलावेल कोण? घर कशावर चालवू?" प्रश्न खरा होता, हे बाईंसही पटले. परंतु माघार न घेता त्यांणी मोबाइल काकांपुढे धरिला आणि म्हणाल्या, "काका, हे बघून बांधा. जमला तर पान रद्द."

"हॅ, त्यात काय? लहानपणापासून बघतोय," ऐसे म्हणोन काकांणी कापडाचे टोक दातांत धरिले आणि पहिला वेढा उत्तम दिधला. मग दुसरा डोळ्यावर उतरला, आणि तिसऱ्याने चष्मा कैद केला, आणि शेमला पाठीवर रुळावयाचा तो नाकापुढे लोंबला, आणि तुरा उजव्या कानामागून उगवला. मग कापडाच्या आतून क्षीण वाणी आली, "दादा, जरा येतोस का?"

"बाबा, गिऱ्हाईकही हेच म्हणणार," कस्तुरीबाई बोलिल्या, "आणि तिथंच खाली आपला नंबर."

राजे पोटभर हासले. मग काकांस सोडवोन तो व्हिडिओ त्यांणी स्वतः पाहिला आणि एकाएकी थांबले. "चुण्यांवर आंगठा असा दाबायला कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. तुमचं बघून."

मग हुकूम जाहला की, "पान राहू दे. आणि हात कुणाचे, ते नावानिशी लिहा."

पुढे वेबसाइट उघडली आणि आठ दिवसांत एका लग्नघरचा फोन आला, की येथे पाच वऱ्हाडी स्वतःस गुंडाळोन बसले आहेत, वरात दारी आहे, तर व्हिडिओतल्या कस्तुरीताईंस घेऊन निघा. राजांणी मोटारसायकल काढिली, कापडाची पिशवी कन्येच्या खांद्यास दिधली, आणि उभयतांणी वरात निघण्याआधी मांडव गाठोन पाचही मस्तके सोडविली व सजविली. पुढे बोलावणी वाढली आणि राजांस रस्ता न्याहाळावयास फुरसत उरली नाही.

एवंच पाने पाच: मुखपृष्ठ, आमच्याविषयी, प्रकार व भाव, संपर्क, आणि कस्तुरीबाईंचे. काकांचाही एक फोटो त्यांच्या संमतीने घेतला आहे. तो पाचव्या पानी व्हिडिओखाली आहे, आणि त्याखाली लिहिले आहे, 'न जमल्यास ऐसे दिसते.'