पत्रिकेच्या पाठीवरचा नकाशा

इंगवलेकाकांना लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलात, तर मुलगा काय करतो हे ते विचारत नाहीत. ते विचारतात, "हॉलपासून पाण्याची टाकी किती पावलांवर आहे?" तुम्ही "जवळच आहे हो" म्हणालात की संपलं. चष्मा कपाळावर जातो आणि पुढचा प्रश्न येतो, "जवळ म्हणजे किती?"

काका फरीदाबादला आमच्याच गल्लीत राहायचे. आमच्या भाषेत दोन घरं सोडून, त्यांच्या भाषेत एकतीस पावलं, वायव्येला. मूळचे कऱ्हाडकडचे. सरकारी नकाशा खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. काकू गेलेल्या, घरात एकटेच.

नव्वदीनंतरची ती वर्षं. दिल्लीतली आपली मराठी माणसं सरकारी क्वार्टर सोडून नोएडा, गाझियाबाद, गुडगावकडं फ्लॅट घेत सुटली होती. घरं आधी उभी राहिली, रस्त्यांना नावं मागून आली. म्हणून पत्रिकेच्या पाठीवर नकाशा छापायची पद्धत पडली. छापखानेवाला तो मनानंच काढायचा. एका वास्तुशांतीच्या कार्डावर त्यानं खूण म्हणून रोपांची नर्सरी दाखवली. मधल्या काळात नर्सरीवाल्यानं सगळ्या कुंड्या उचलून दोन सेक्टर पलीकडं नेऊन मांडल्या. आमची अकरा माणसं भलत्याच कुणाच्या गृहप्रवेशाला पोचली, छोले-पुरी जेवली आणि आहेराचा कुकर देऊन आली. "दिल्लीत राहून माणसं किती बदलतात, बघा," असं एक काकू परतताना म्हणाल्या.

तेव्हापासून काकांनी हे काम अंगावर घेतलं. कुणी कितीही घाईत असो, रस्ता आधी ते स्वतः चालून बघणार. खिशात डायरी, हातात होकायंत्र. "झाड धरायचं नाही, पानवाला धरायचा नाही. उद्या उठून जाईल ती खूण कसली?"

मी वाशीम जिल्ह्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. गणितात बी.एस्सी. झाले, आणि हे सांगताना मी कधी आवाज खाली घेतला नाही. ओखल्याच्या एका कंपनीत कागदी नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचं काम मला मिळालं. काकांना कळलं आणि ते त्याच संध्याकाळी हजर झाले.

"बी.एस्सी. ना? मग सांग, गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी बसवशील?"

मी सूत्र आठवायला लागले. त्यांनी टेबलावरचं संत्रं उचललं, सोललं आणि साल तळहातानं दाबली. ती चारी बाजूंनी फाटली.

"बघ. आकार सांभाळलास तर क्षेत्रफळ बिघडतं. क्षेत्रफळ सांभाळलंस तर आकार जातो. काय सोडायचं ते काढणाऱ्यानं ठरवायचं. बाकी सगळं गणित त्याच्या मागनं येतं."

तीन वर्षं कॉलेजात जे पाठ केलं होतं, ते मला त्या दिवशी दिसलं. संत्रं मात्र बोलता बोलता त्यांनीच संपवलं.

बदल्यात त्यांना कॉम्प्युटर बघायचा होता. एका शनिवारी मी त्यांना ऑफिसात नेलं. स्क्रीनवरच्या नदीवर मी माउसनं एकेक टिंब देत चालले होते. काका मागं उभे.

"दोन टिंबांच्या मधे नदी कशी गेली, हे याला कसं कळतं?"

"नाही कळत काका. तो सरळ रेघ ओढतो."

"अच्छा. म्हणजे हाही अंदाजच करतो," काका समाधानानं म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले ते दुपारपर्यंत. "अजून एक टिंब दे. तिथं वळण आहे. बिल्कुल आहे. पाण्याला सरळ जायची सवय नसते."

इतिहासही ते असाच दिशेनं वाचायचे. संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला जायची. एका वर्षी काला अंबच्या स्मारकापुढं आम्ही हात जोडले, तर काकांनी थांबवलं आणि होकायंत्र काढलं. "शत्रू दिल्लीच्या बाजूला होता. आपल्या फौजेचं तोंड दक्षिणेला. तुम्ही सगळे पाठ करून उभे आहात." चाळीस माणसं पोराबाळांसकट गर्रकन फिरली. आता समोर आमचीच बस आणि तिला टेकलेला ड्रायव्हर. इतके हात आपल्याला जोडलेले बघून त्यानं बिडी विझवली आणि सावधान उभा राहिला.

एवढ्या जणांना वाट दाखवणाऱ्या काकांच्या घरात एक वाट बंद होती. त्यांची मुलगी रेवती. तिनं ऑफिसातल्या एका हरियाणवी मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि घरी नंतर सांगितलं. मुलगा काकांना चालला असता. 'नंतर' चाललं नाही. ती गुडगावला गेली. तीन वर्षं बापलेकीचं बोलणं नव्हतं.

एक दिवस मला ऑफिसात तिचा फोन आला. मुलगी झाली होती, पुढच्या महिन्यात बारसं होतं.

"सुनंदाताई, कार्डावर नकाशा हवाय. बाबांना विचारशील? नाही म्हणाले तर..." मग म्हणाली, "विचारून तर बघ."

तिला नकाशा नको होता, हे मलाही कळत होतं.

संध्याकाळी मी काकांना सांगितलं. ते ऐकून घेऊन उठले. मला वाटलं, विषय टाळून चहा टाकायला गेले. ते कॉटखालून कागदाची गुंडाळी घेऊन आले. तीन नकाशे, दर वर्षाचा एक. पहिल्यात रेवतीची एकटी इमारत, कच्चा रस्ता, प्लॉटच्या खुंट्या आणि बुजवलेली विहीर. दुसऱ्यात डांबरी सडक, पाण्याची टाकी. तिसऱ्यात शेजारच्या इमारती, विजेच्या खांबांसकट. प्रत्येक वळणावर पावलांचे आकडे.

"काका, हे चालून काढलंत?"

"मग काय अंदाजानं?"

तिन्हींत बस स्टॉपपासून इमारतीच्या फाटकापर्यंत रेघ पक्क्या शाईची होती. फाटकाच्या आत फक्त पेन्सिलीचे ठिपके.

"आणि हे?"

"ते मोजलेलं नाही. ठिपके म्हणजे तिथं सर्व्हेवाला गेला नाही."

"तीनदा फाटकापर्यंत गेलात आणि आत गेला नाहीत?"

"कुणाच्या आवारात शिरायचं तर परवानगी लागते," काका म्हणाले आणि कागदाची दुमडलेली कड अंगठ्यानं सरळ करत बसले.

मी त्यांच्याच फोनवरून गुडगावचा नंबर लावला. "रेवती, फाटकापासून तुमच्या दारापर्यंत किती पावलं गं? काकांना नकाशात घालायचीत."

तिनं क्षणभरही वेळ घेतला नाही. "जिन्यापर्यंत चोवीस. मग बत्तीस पायऱ्या."

मी रिसीव्हर काकांच्या हातात दिला. दुसऱ्या हातात त्यांनी पेन्सिल धरली होती. ती त्यांनी फाटकाजवळच्या पहिल्या ठिपक्यावर टेकवली. पलीकडं बाळ कुरकुरत होतं, ते मलाही ऐकू येत होतं.

"कुणाच्या पावलांनी?" काकांनी विचारलं.

तीन वर्षांनंतर बाप लेकीशी हे बोलला.

"माझ्या," रेवती म्हणाली. "तुमच्या पावलांनी तुम्ही येऊन मोजा."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

"रविवारी येतो. बाळाला घेऊन खाली उतरू नकोस. मी वर येतो."